अनुभवी माणूस आणायचा कोठून? ढोकीच्या रुळांपासून संगणकाच्या खोलीपर्यंत

१/
नोकरीच्या जाहिरातींमध्ये एक ओळ हमखास असते : किमान अमुक वर्षांचा अनुभव आवश्यक. सॉफ्टवेअर, डेटाबेस, नेटवर्क, क्षेत्र कोणतेही असो, ही ओळ चुकत नाही. परंतु संगणक भारतात पहिल्यांदा उभा राहत होता, तेव्हा त्या कामाचा अनुभव असलेला माणूस देशात जवळपास नव्हताच. मग पहिली माणसे नेमली कोणी, कशाच्या आधारावर, आणि त्यांना अनुभवी करण्याचा खर्च कोणी उचलला? हा धागा या प्रश्नाविषयी आहे. त्याची सुरुवात मुंबई-पुण्यात नव्हे, मराठवाड्यात करावी लागते.

२/
धाराशिव जिल्ह्यातील ढोकी हे गाव तेरणा साखर कारखान्यामुळे ओळखले जाते. शेजारचे तेर, म्हणजे ‘पेरिप्लस’मधील तगर, इतिहासप्रेमींना पाठ असते, ढोकीकडे सहसा कोणी वळत नाही. तरीही तंत्रज्ञांच्या नेमणुकीच्या इतिहासातील एक फार बोलका दाखला याच गावावरून गेला आहे. तो दाखला म्हणजे बार्शी लाइट रेल्वे. अडीच फुटी रुळांची ही छोटी रेल्वे १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी अशी सुरू झाली आणि १९११ मध्ये लातूरला पोहोचली. ढोकी याच मार्गावरचे स्थानक.

३/
या रेल्वेचा कर्ता एव्हरार्ड कॅल्थ्रॉप हा इंग्रज अभियंता. तो हिंदुस्थानात आला तो जीआयपी रेल्वेच्या नोकरीत. स्वस्त, अरुंद रुळांवरूनही भरपूर माल वाहता येतो, फक्त प्रत्येक चाकावरचा भार नीट वाटला पाहिजे, हा त्याचा आग्रह होता. तो सिद्ध करायला त्याला बार्शी मिळाली. पुढे इंग्लंडात स्टॅफर्डशर परगण्यात १९०४ मध्ये ‘लीक अँड मॅनिफोल्ड’ ही तशीच अडीच फुटी रेल्वे सुरू झाली, तिचाही अभियंता कॅल्थ्रॉपच होता. तिथल्या हिरव्या दरीतून धावणाऱ्या गाड्यांवर हिंदुस्थानी वळणाची छाप उघड दिसे. अनुभव बार्शीच्या माळावर कमावला गेला आणि त्याचा बाजारभाव इंग्लंडात मिळाला. पुढे संगणकाच्या बाबतीत नेमके हेच घडणार होते, फक्त माणसे बदलली आणि दिशा अधिक गुंतागुंतीच्या झाल्या.

४/
आता मुंबई, १९५४. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होमी भाभांनी रंगस्वामी नरसिंहन यांना बोलावून घेतले. नरसिंहन गिंडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे पदवीधर. अमेरिकेत कॅलटेकमधून पदव्युत्तर शिक्षण आणि इंडियाना विद्यापीठातून गणितातील डॉक्टरेट असा त्यांचा प्रवास. त्यांच्याकडे काम सोपवले गेले ते देशातच संगणक रचण्याचे. हाताखाली जी मंडळी नेमली गेली ती बहुतेक भौतिकशास्त्राचे, त्यातही इलेक्ट्रॉनिक्सचे पदवीधर. नरसिंहन सोडले तर त्या गटात संगणक रचलेला सोडाच, वापरलेला माणूसही नव्हता.

५/
ही गोष्ट आज वाचताना गंमत वाटते, पण नेमणूक करणाऱ्याच्या जागी उभे राहून पाहावे. अनुभवाची अट घातली असती तर एकही अर्ज आला नसता. परदेशातून तयार गट आणायचा तर पैसा नव्हता, आणि तसे केले असते तर काम संपल्यावर ज्ञान त्या गटाबरोबरच परत गेले असते. तेव्हा निवड झाली ती शिकू शकेल अशा माणसांची. आधी एक लहान प्रायोगिक यंत्र बांधण्यात आले. ते १९५६ च्या अखेरीस चालू झाले. या यंत्राचा खरा उपयोग आकडेमोडीपुरता नव्हता. माणसे त्यावर शिकली. चुका करायच्या त्या तिथे करून झाल्या, आणि मग मोठ्या यंत्राला हात घातला गेला.

६/
मोठे यंत्र फेब्रुवारी १९६० मध्ये रीतसर कार्यान्वित झाले. सुमारे २,७०० निर्वात नलिका, फेराइट कोरची स्मृती, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. आजच्या साध्या फोनमधील एक छायाचित्रही त्यात मावले नसते. जानेवारी १९६२ मध्ये कुलाब्याच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला पंडित नेहरू आले, तेव्हा यंत्राचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण झाले. तोवर जग ट्रान्झिस्टरकडे वळले होते आणि यंत्र जुने ठरू लागले होते. म्हणून टिफ्रॅकला अपयश म्हणणारेही आहेत. यंत्रापुरते ते म्हणणे खरे धरले, तरी हिशेब अर्धाच राहतो. १९६४ मध्ये त्याच संस्थेत अमेरिकी मदतीतून सीडीसी ३६०० हे बलाढ्य यंत्र आले, तेव्हा ते सांभाळायला आणि देशभरातील विद्यापीठांना, संशोधन संस्थांना त्यावर काम करू द्यायला माणसे घरची होती. ती टिफ्रॅकने घडवली होती.

७/
त्या काळात अमेरिकेतही चित्र फार वेगळे नव्हते, हे ध्यानात घ्यावे. तिथे यंत्रे भरभर विकली जात होती आणि प्रोग्रॅमर मिळत नव्हते. आयबीएमने १९५५ मध्ये प्रोग्रॅमर निवडण्यासाठी एक कल चाचणी तयार केली : आकड्यांच्या मालिका, आकृत्यांमधील साम्य, साधी गणिते. अनुभव विचारण्यात अर्थच नव्हता, म्हणून बुद्धीचा कल मोजायचा. या चाचणीत चमकणारा पुढे चांगला प्रोग्रॅमर होतोच असे काही सिद्ध झाले नाही, तरी कंपन्या ती अनेक वर्षे वापरत राहिल्या. नोकरभरतीत सोयीस्कर मोजपट्टी एकदा हाती आली की ती सहजी सुटत नाही; आजचे उमेदवारही हे जाणतात.

८/
मुंबईत १९६१ मध्ये एसो या तेल कंपनीच्या कचेरीत आयबीएम १४०१ आला. पाठोपाठ गिरण्या, विमा, तेल, रेल्वे अशा क्षेत्रांत ही यंत्रे दिसू लागली. आयबीएम यंत्र विकत नसे, भाड्याने देई. देखभालीचा माणूसही तिचाच असे. यंत्र वापरणाऱ्या कंपनीला यंत्राच्या आतले काही कळण्याचे कारणच उरत नसे. १९६० च्या दशकातील मुंबईत संगणकाचा खरा अनुभव म्हणजे आयबीएमच्या सेवेतील अभियंत्यांचा अनुभव, अशी स्थिती झाली. एका कंपनीच्या पगारपत्रकावर जवळपास संपूर्ण शहराचे कसब बांधलेले. याचा परिणाम १९७८ मध्ये दिसणार होता.

९/
१९६८ मध्ये टाटांनी टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस सुरू केली. आरंभीचे काम ललित कनोडिया आणि त्यांच्या एमआयटीत शिकलेल्या सहकाऱ्यांनी उभे केले होते. १९६९ मध्ये सूत्रे फकीरचंद कोहली यांच्याकडे आली. कोहली मूळचे वीज अभियंते, टाटा इलेक्ट्रिकमधले. वीजजाळ्याच्या गणितासाठी संगणक वापरणाऱ्या देशातील पहिल्या काही लोकांपैकी. त्यांनी नेमणुकीसाठी दोन वाटा धरल्या. एक, आयआयटीसारख्या संस्थांतून थेट निघालेले पदवीधर. दुसरी, परदेशात काम केलेले आणि परतायला तयार असलेले भारतीय. पुढे कंपनीचे प्रमुख झालेले एस. रामदोराई अमेरिकेतील एनसीआर सोडून १९७२ मध्ये आले ते या दुसऱ्या वाटेने.

१०/
परंतु माणूस मिळाला तरी यंत्र कोठे होते? त्या वेळच्या सरकारी योजनेनुसार संगणक आयात करायचा तर त्याच्या किमतीच्या दुप्पट मोलाचे सॉफ्टवेअर पाच वर्षांत निर्यात करण्याची हमी द्यावी लागे. टीसीएसने ती दिली आणि १९७४ च्या सुमारास बरोज या अमेरिकी कंपनीचे काम घेतले. काम होते एका रुग्णालयीन हिशेबप्रणालीचे : बरोजच्या एका जातीच्या यंत्रासाठी लिहिलेले प्रोग्रॅम दुसऱ्या जातीच्या यंत्रावर चालतील असे करून देणे. ते काम हाती होते त्या ब्रिटिश बनावटीच्या आयसीएल १९०३ यंत्रावर केले गेले. म्हणजे जी दोन यंत्रे समोर नाहीत त्यांच्यासाठी तिसऱ्याच यंत्रावर लिहायचे! हा अनुभव कोणत्याही जाहिरातीत मागता आला नसता, कारण तो जगात कोठेच तयार मिळत नव्हता.

११/
याच १९७४ मधील पुण्याची एक घटना या विषयात टाळता येत नाही. टेल्कोने अभियंते हवेत अशी जाहिरात दिली. हुशार, मेहनती, उत्तम शैक्षणिक पार्श्वभूमीचे. खाली एक टीप होती : महिलांनी अर्ज करू नये. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संगणकशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत असलेल्या सुधा कुलकर्णी, पुढच्या सुधा मूर्ती, यांनी ती वाचली आणि थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड टाकले. उत्तरादाखल पुण्यात मुलाखतीचे बोलावणे आले, नोकरी मिळाली आणि टेल्कोतील त्या पहिल्या महिला अभियंता ठरल्या.

१२/
ही गोष्ट सहसा धाडसाची म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. येथे मात्र तिच्या दुसऱ्या अंगाकडे पाहू. देशात संगणकशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षण घेतलेली माणसे तेव्हा बोटांवर मोजण्याइतकी होती. अशा काळात जाहिरातीतील एका ओळीने अर्धी लोकसंख्या बाद केली जात होती, आणि ती ओळ लिहिणाऱ्याला त्यात काही वावगे वाटले नव्हते. शॉप फ्लोअरवर बाई काम करील असा कोणाचा ‘अनुभव’ नव्हता, एवढेच कारण. अनुभवाची अट कौशल्याची राखण करते हे खरे. पण तिच्या आडून जुन्या सवयीचीही राखण होते. हे दोन पहारे वेगळे करून पाहणे हे या इतिहासातील सर्वांत अवघड काम आहे.

१३/
आता १९७७-७८. परकीय चलन नियमन कायदा, म्हणजे ‘फेरा’, १९७३ मध्ये आला होता. त्यानुसार परदेशी कंपन्यांनी भारतातील आपला हिस्सा ४० टक्क्यांपर्यंत खाली आणणे अपेक्षित होते. आयबीएम राजी झाली नाही. केंद्रात जनता सरकार, उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस. १९६७ मध्ये दक्षिण मुंबईत स. का. पाटलांना हरवणारे तेच फर्नांडिस. आयबीएमने गाशा गुंडाळला.

१४/
कंपनी गेली, पण तिची यंत्रे कचेऱ्यांतून, रेल्वेतून, विद्यापीठांतून तशीच उभी होती. ती बंद पडली तर पगार, बिले, तिकिटांचे हिशेब थांबणार होते. सरकारने १९७५ मध्येच कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन, म्हणजे सीएमसी, स्थापन करून ठेवली होती. आता देखभालीची जबाबदारी तिच्यावर आली. तिने केलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे आयबीएमच्या अभियंत्यांना आपल्याकडे घेणे. आयबीएमच्याच काही माजी कर्मचाऱ्यांनी इंटरनॅशनल डेटा मॅनेजमेंट ही स्वतंत्र कंपनी उभी केली. अनुभवी संगणक-अभियंत्यांचा एवढा मोठा ताफा एकाच वेळी बाजारात आल्याचा हा देशातील पहिला प्रसंग.

१५/
येथे थोडे थांबायला हवे, कारण आयबीएमच्या प्रस्थानाविषयी दोन टोकाची मते ऐकू येतात. एक म्हणते, देश वीस वर्षे मागे गेला. दुसरे म्हणते, त्यामुळेच देश स्वावलंबी झाला. दोन्ही मते यंत्रांकडे पाहतात, माणसांकडे पाहत नाहीत. देखभालीचे कसब आयबीएमच्या नियमपुस्तकात होते, तितकेच अभियंत्यांच्या हातांत होते. कोणत्या यंत्राचा कार्डवाचक दमट हवेत अडतो, कोणता सुटा भाग बाहेरून न मागवता येथेच बनवून चालतो, हे माणसालाच ठाऊक असते. ही माणसे देशात राहिली. शिवाय सीएमसीला एकाच कंपनीची यंत्रे सांभाळून भागणार नव्हते. नाना देशांची, नाना जातींची यंत्रे तिच्या गळ्यात पडली. आयबीएममध्ये राहून जे शिकता आले नसते ते या सक्तीने शिकवले.

१६/
त्याचे फळ काही वर्षांनी सामान्य माणसाने पाहिले, बहुधा कारण न जाणता. रेल्वेची संगणकीकृत आरक्षणव्यवस्था सीएमसीने घडवली. १९८० च्या दशकाच्या मध्यास ती दिल्लीत सुरू झाली आणि मग मुंबईसह इतर शहरांत आली. मुंबई शेअर बाजारातील आरोळ्यांची जागा १९९५ मध्ये ज्या ‘बोल्ट’ प्रणालीने घेतली, तीही सीएमसीचीच. सरकारी कंपनीने अनुभवी माणसे उचलली, टिकवली आणि त्यांच्याभोवती नवी घडवली, याचे हे उत्तम उदाहरण. २००१ मध्ये सरकारने कंपनीतील आपला मोठा हिस्सा टाटांना विकला. सार्वजनिक पैशातून घडलेला अनुभव खासगी मालकीत गेला, तो असा. यात गैर काय, असे विचारता येईल. पण हिशेब मांडताना मूळ गुंतवणूक कोणाची हे लिहिलेले असावे.

१७/
मुंबईत याच काळात नरेंद्र पटणी यांची कंपनी वाढत होती. अमेरिकेतील मजकूर पुण्यात टंकून संगणकाला वाचता येईल अशा रूपात परत पाठवणे, या कामापासून पटणींची सुरुवात झाली होती. नंतर पटणी कॉम्प्युटर सिस्टिम्सने सॉफ्टवेअरचा विभाग काढला आणि त्याचे प्रमुख म्हणून नारायण मूर्ती आले. मूर्तींचा आधीचा अनुभव पाहावा : अहमदाबादच्या आयआयएममध्ये सिस्टिम्स प्रोग्रॅमर, पॅरिसमध्ये सेसा कंपनीत काम, मग पुण्यात स्वतःची सॉफ्ट्रॉनिक्स, जी चालली नाही. न चाललेली कंपनी हाही अनुभवच, हे पटणींनी ओळखले असावे. आयआयटी मुंबईतून १९७८ मध्ये बाहेर पडलेल्या नंदन निलेकणींची मुलाखत मूर्तींनी तेथेच घेतली.

१८/
१९८१ मध्ये मूर्ती आणि आणखी सहा जणांनी पटणी सोडली व इन्फोसिस स्थापन केली. २ जुलै १९८१ रोजी कंपनीची नोंदणी पुण्यात झाली. सुधा मूर्तींनी दिलेले दहा हजार रुपये हे भांडवल. ते दहा हजार रुपये सर्वांना पाठ आहेत. पण खरे भांडवल होते ते सात जणांनी पटणीत मिळवलेले कामाचे ज्ञान; ते कोणत्याही ताळेबंदात दाखवले जात नाही. पटणींच्या दृष्टीने पाहिले तर संपूर्ण घडवलेला गट एका झटक्यात गेला. पुढे इन्फोसिसनेच नेमणुकीत अनुभवापेक्षा नवे शिकण्याच्या क्षमतेवर भर दिला, याला योगायोग म्हणणे कठीण आहे. अनुभवी माणूस जसा येतो तसा जातोही, हे त्या संस्थापकांइतके कोणाला ठाऊक असणार?

१९/
संगणकाच्या बाजूने नेमणुका होत असताना त्याच खोल्यांच्या बाहेर दुसरा इतिहास घडत होता. आयुर्विमा महामंडळात आणि बँकांत कर्मचारी संघटनांनी संगणकाला कडवा विरोध केला. भीती काल्पनिक नव्हती. ज्या खतावण्या पन्नास कारकून सांभाळत होते त्या एक यंत्र सांभाळणार होते. केंद्र सरकारने स्वयंचलनाच्या प्रश्नावर समिती नेमली तिचे अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले संस्थेतील अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर, समितीचा अहवाल १९७२ चा. बँकांत १९८३ मध्ये संघटनांशी करार झाला, पाठोपाठ रंगराजन समितीचा अहवाल आला. कराराचा एक परिणाम लक्षणीय आहे : यंत्रावर बसणारा माणूस बहुतांशी बाहेरून आणला गेला नाही, शाखेतलाच कारकून विशेष भत्ता घेऊन यंत्रावर बसला. खातेदाराचा स्वभाव, शाखेची पद्धत, वहीतील खाचाखोचा हा त्याचा जुना अनुभव वाया गेला नाही. आज अनेकांना तो करार प्रगतीतील अडथळा वाटतो. तो अर्धाच न्याय आहे.

२०/
१९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली. अमेरिकेने महासंगणक देताना हात आखडता घेतला होता. तेव्हा आपणच बांधू, तीन वर्षांत, सुमारे तीस कोटी रुपयांत, असा हा संकल्प. सूत्रधार विजय भटकर. अकोला जिल्ह्यातील मुरंबा हे त्यांचे जन्मगाव. नागपूर, बडोदे, दिल्ली येथे शिक्षण. त्याआधी त्रिवेंद्रममधील इलेक्ट्रॉनिक्स संशोधन केंद्राचे प्रमुखपद. तीन वर्षांची मुदत असताना सर्व माणसे नव्याने घडवणे शक्य नव्हते आणि महासंगणक बांधलेला एकही अभियंता देशात नव्हता. मग इतर संस्थांतून जुळत्या कामाची माणसे गोळा झाली आणि त्यांच्या हाताखाली तरुण पदवीधर. १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला.

२१/
मराठी वाचकांना मात्र सी-डॅकमधील दुसरी एक नेमणूक जास्त जवळची वाटावी. संगणकावर भारतीय लिप्या उमटवण्याचे ‘जिस्ट’ हे तंत्र आयआयटी कानपूरमध्ये विकसित झाले होते. त्यामागील मोहन तांबे आणि सहकारी १९८८ च्या सुमारास सी-डॅकमध्ये आले. एका संस्थेने तंत्र विकत घेण्याऐवजी ते जाणणारी माणसेच आणली. देवनागरी अक्षरे संगणकाच्या पडद्यावर जुळवून दाखवण्याचे बरेचसे पायाभूत काम त्या गटाने केले. आज फोनवर मराठी टंकताना त्यांची आठवण कोणाला होत नाही, आणि पायाभूत कामाच्या नशिबी बहुधा हेच असते.

२२/
नेटवर्क अभियंत्यांची कथा जुहूची. राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजे एनसीएसटी, टिफ्रच्याच एका विभागातून निघाले. प्रमुख होते श्रीनिवासन रमाणी. १९८६ मध्ये ‘अर्नेट’ प्रकल्प सुरू झाला, संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे साहाय्य त्याला होते. पाच आयआयटी, बंगळूरची विज्ञान संस्था, एनसीएसटी आणि दिल्लीतील इलेक्ट्रॉनिक्स विभाग, एवढेच सदस्य. एनसीएसटी आणि आयआयटी मुंबई यांच्यात टेलिफोनच्या तारेवरून ईमेलची देवघेव सुरू झाली. सामान्य नागरिकाला इंटरनेट मिळाले १५ ऑगस्ट १९९५ रोजी. त्या दिवसानंतर देशाला नेटवर्क जाणणारी माणसे हवी झाली, आणि दहा वर्षांचा अनुभव असलेली जी काही मोजकी मंडळी होती ती प्रामुख्याने याच आठ ठिकाणची.

२३/
डेटाबेसची वाट पुण्यातून जाते. आनंद देशपांडे यांनी अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात याच विषयात डॉक्टरेट केली. नरसिंहन यांचेही विद्यापीठ तेच, हा निव्वळ योगायोग. ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेत काम करून ते १९९० मध्ये पुण्यात परतले आणि त्यांनी पर्सिस्टंट सिस्टिम्स काढली. परदेशी कंपन्यांची डेटाबेस उत्पादने आतून घडवण्याचे काम करणारी कंपनी पुण्यात चालेल, यावर तेव्हा विश्वास ठेवणे सोपे नव्हते. त्या कामाचा अनुभव येथे कोणाला होता? पुन्हा तोच तोडगा : एक अनुभवी माणूस आणि त्याच्याभोवती शिकणारे पदवीधर. त्याच सुमारास पुण्यात सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क सुरू झाले आणि उपग्रहाद्वारे माहिती पाठवण्याची सोय झाली.

२४/
मराठवाड्याचे काय? निजामाच्या राज्यातून हा प्रदेश १९४८ मध्ये मुक्त झाला तेव्हा तिथे अभियांत्रिकी महाविद्यालय नव्हते. औरंगाबादला ते १९६० मध्ये निघाले, नांदेडला १९८१ मध्ये. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदान महाविद्यालयांना परवानगी दिली आणि जागा वाढल्या. धाराशिव जिल्ह्यातही तुळजापूरला तुळजाभवानी देवस्थानाचे अभियांत्रिकी महाविद्यालय उभे राहिले. पदवी जवळ आली. अनुभव मात्र पुण्या-मुंबईतच राहिला. ही दरी भरण्याचा एक मार्ग सी-डॅकच्या प्रगत संगणन पदविकेने दिला, दुसरा एनआयआयटी व ॲपटेकसारख्या खासगी शिकवण्यांनी. पदवीनंतर पुन्हा शुल्क भरायचे, पुण्यात खोली करून राहायचे आणि मग मुलाखतीला उभे राहायचे. टिफ्रॅकच्या वेळी माणसाला अनुभवी करण्याचा खर्च संस्थेने केला होता. आता तो उमेदवाराच्या घराने, कित्येकदा उसाच्या बिलातून, करायचा होता.

२५/
१९९० च्या अमेरिकी कायद्याने एच-१बी व्हिसा आला, वर्षाला ६५,००० अशी मर्यादा. दशकाच्या अखेरीस ‘वाय-टू-के’ची धास्ती पसरली : जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्षाचे दोनच आकडे, २००० साल आले की हिशेब कोसळणार. ते जुने कोबोल प्रोग्रॅम वाचू शकणारी माणसे अमेरिकेत पुरेशी नव्हती. ज्या भाषेला अमेरिकी तरुण कालबाह्य मानून सोडून गेले, तिचाच अनुभव एकाएकी मोलाचा झाला. पुढे ती मर्यादा आधी १,१५,००० आणि मग १,९५,००० पर्यंत वाढवण्यात आली. बार्शीत कमावलेला अनुभव कॅल्थ्रॉपने जसा इंग्लंडात नेला, तसा पुण्यात कमावलेला अनुभव आता न्यूजर्सीत नेला जात होता. या वेळी नेणारे येथलेच होते.

२६/
१९९८ मध्ये उलट्या दिशेचाही एक प्रयोग झाला. कोल्हापूर-सांगलीच्या वारणा खोऱ्यात केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा सहकारी समूह यांनी मिळून ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प राबवला. तांत्रिक बाजू राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडे होती. सुमारे सत्तर गावे, ५४ केंद्रे, प्रत्येक केंद्रात संगणक. आरोग्य, शेती, बाजारभाव, शिक्षण, सर्व काही त्यातून मिळेल असा बेत. प्रत्यक्षात शेतकरी तिथे गेला तो मुख्यतः तीन गोष्टींसाठी : उसाची नोंद, तोडणीची पाळी आणि काट्यावरचे वजन. ढोकीपासून वारणेपर्यंत ऊस लावणाऱ्या कोणालाही या यादीचे नवल वाटणार नाही. केंद्रावर बसणारा मुलगा गावातलाच असे. त्याला कोबोल ठाऊक नव्हते, पण उसाची पावती वाचता येत होती. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरमधील संशोधकांनी या केंद्रांचा अभ्यास केला आणि काही गावांत संगणक काढून त्या जागी साध्या मोबाइलच्या संदेशांवर चालणारी व्यवस्था बसवून पाहिली. शेतकऱ्याला हवी ती माहिती त्यातून मिळत राहिली.